सुटण्याची पेटी

उकायाली नदीवर थापांना तोटा नाही. बिनदाताची मगर, सासूला घाबरून उलटी वाहिलेली नदी, सगळं लोकांनी ऐकलंय आणि ऐकून निवांत झोपलेत. पण न गेलेल्या एका पत्राच्या वजनानं साठ टनांची बोट वाळूत बसली, यावर आजवर एकानंही मान हलवलेली नाही. तुम्हीही हलवणार नाही. नका हलवू. लगेच विश्वास ठेवणाऱ्याला गोष्ट सांगणं म्हणजे मेलेला मासा गळानं पकडणं.

वेळ तर आहेच. पुकाल्पाच्या धक्क्यावर आपली बोट उभी आहे आणि तिच्या नाकावर फळा टांगलाय, ‘आज सुटणार, नक्की’. हाच फळा काल होता, परवाही होता. तेव्हा झोळ्या नीट बांधा आणि ऐका. त्या कोपऱ्यातल्या बाईंच्या पायाला फडकं गुंडाळलंय, त्यांना पाय लांब करायला जागा द्या.

तर डेल्सिया पिंची. आरोग्य खात्याच्या कचेरीत बावीस वर्षं नोकरी. वरच्या नदीकाठच्या दवाखान्यांची तपासणी तिच्याकडे. वर्षातून दोनदा बोटीनं जायचं, औषधं मोजायची, हजेरीची वही बघायची, परत यायचं. बाई कडक. एकदा एका दवाखान्यात कापसाचा एक बोळा कमी भरला, तर तिनं तो शोधायला अख्खं गाव कामाला लावलं होतं. अशा बाईला दुसऱ्याची चूक दिसायला वेळ लागत नाही. स्वतःची दिसायला मात्र तिला एक अख्खी नदी लागली.

त्या ऑगस्टमध्ये कचेरीनं तिला लॅपटॉप दिला. वर नदीला टॉवर नाहीत, नेट नाही. म्हणून कॉम्प्युटर बघणारा योबेर तिच्या टेबलाशी बसला आणि कचेरीची मेल ऑफलाइन चालेल अशी करून देऊ लागला.

“मावशी, इकडं बघ. इथं खूण केली. आता किती दिवसांची पत्रं आत ठेवायची? तीस ठेवतो. हा लॅपटॉप तू एकटीच वापरणार ना?”

“नाही, माझा बोकड वापरणार.”

“बरं. आता नेट नसलं तरी जुनी पत्रं उघडतील. नवीन लिहायचं, ‘पाठव’ दाबायचं. ते सुटण्याच्या पेटीत जाईल. पण मावशी, एक गोष्ट लक्षात...”

तेवढ्यात खालून आग्वाहेच्या फळाच्या बर्फगोळ्याची गाडी ओरडत गेली. डेल्सियाला आग्वाहेचा गोळा म्हणजे जीव की प्राण. “कळलं, कळलं,” म्हणत ती जिना उतरली. योबेरचं उरलेलं वाक्य टेबलावर तसंच पडून राहिलं. कुणी सांगावं, अजूनही तिथंच असेल.

चौथ्या दिवशी, मंगळवारी, ती सांता रुफिना गावी पोचली. तिथल्या दवाखान्यात अदेल्मो सांगामा. एकटा माणूस, अकरा वर्षं तिथंच. बाळंतपणं त्यानंच करायची, साप चावला तर त्यानंच धावायचं. बायको आणि मुलगी पुकाल्पात. तो तिकडं गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती, आता नोव्हेंबरात पंधराची होणार. पंधराव्या वाढदिवशी बाप लेकीबरोबर पहिलं नाचतो, आपल्याकडची रीत. बदलीसाठी तीनदा अर्ज केला, तीनदा परत आला. या खेपेला पुकाल्पात जागा रिकामी होती. फक्त तपासणी करणाऱ्या बाईंची संमती, मेलवरून नाहीतर रेडिओवरून, कचेरीत शुक्रवारी दुपारी बाराच्या आत हवी होती.

“डेल्सियाबाई, पुकाल्पाला पोचून लिहिलंत तर उशीर होईल,” अदेल्मो म्हणाला. “बोटीचं काय सांगावं. गावाच्या रेडिओवरून सांगू का, कुणीतरी...”

“रेडिओ कशाला? हे आणलंय ना.” आणि तिनं लॅपटॉप उघडला. चांगलं लांबलचक पत्र लिहिलं. अकरा वर्षांत एक बोळा कमी भरला नाही, हेही लिहिलं. आणि ‘पाठव’ दाबलं. पडद्यावर आलं, पत्र सुटण्याच्या पेटीत आहे.

अदेल्मो तिच्या खांद्यावरून बघत होता. “सुटलं?”

“सुटलं.”

झालं. गावानं तासाभरात मासातोच्या दारूचं मडकं उघडलं. अदेल्मोनं सगळं वाटून टाकलं. होडी मास्तरला, कोंबड्या शेजारणीला. मासे धरायचं जाळं त्यानं स्वतः विणलेलं होतं, तेही नुकतंच लग्न झालेल्या एका पोराला दिलं. “पुकाल्पात मी मासे बाजारातून आणणार,” तो म्हणाला, आणि सगळे हसले. डेल्सियाला उकडलेल्या कोंबडीची तंगडी मिळाली. तिनं ती खाल्ली. पुढं ती तंगडी तिला कितीदा आठवली, त्याची मोजदाद नाही.

बुधवारी ती परतीच्या बोटीत बसली. वाटेत एका गावच्या धक्क्याला बोट लागली, तर शेजारी दुसरी एक बोट उभी. तिच्या नाकावर फळा, ‘आज सुटणार, नक्की’. फळ्याच्या एका कोपऱ्याला वेल चढलेला, दुसऱ्या कोपऱ्याखाली कोंबडी अंड्यांवर बसलेली.

“ही कधी सुटणार हो?” कुणीतरी विचारलं.

“आज,” त्या बोटीवरचा खलाशी म्हणाला.

“कुठला आज?”

“ते फळ्यावर लिहायला जागा नव्हती.”

सगळे हसले, डेल्सियाही हसली. आणि अर्ध्यावर तिचं हसू अडकलं. सुटणार. सुटण्याची पेटी. नदीवर जन्म गेला तिचा. सुटण्याच्या धक्क्यावरची बोट म्हणजे सुटलेली बोट नव्हे, हे तिला पाळण्यात असल्यापासून माहीत. मग पेटीच्या बाबतीत कसं नाही सुचलं?

तिनं लॅपटॉप उघडला. पेटीच्या नावापुढं एक आकडा होता. एक.

तिनं लॅपटॉप झटकन मिटला, जसं काही आतून अदेल्मो बघत होता.

आता नीट ऐका, कारण इथं खरी गोष्ट आहे. त्या गावाच्या दवाखान्यात रेडिओ होता. डेल्सिया उतरली, चालत गेली, रेडिओसमोर उभी राहिली. बटण दाबून एवढंच म्हणायचं होतं, ‘पत्र गेलं नाही, चूक माझी, माझी संमती कचेरीला कळवा.’ पण रेडिओ सगळी नदी ऐकते. बावीस वर्षं दुसऱ्यांचे बोळे मोजणारी बाई ‘सुटलं’ म्हणाली आणि सुटलं नव्हतं, हे दुपारपर्यंत प्रत्येक चुलीपाशी पोचलं असतं.

“काय सांगायचंय, बाई?” रेडिओवाल्यानं विचारलं.

“पुकाल्पात पाऊस आहे का, एवढं विचार.”

पाऊस नव्हता. ती परत बोटीत येऊन बसली. ‘उद्यापर्यंत टॉवर लागेल,’ ती स्वतःला म्हणाली. ‘आपोआप जाईल. कुणाला कळायचं कारण नाही.’ लॅपटॉप मांडीवर घेतला, आणि तेव्हा पहिल्यांदा तिला वाटलं की हा जड झालाय.

संध्याकाळपर्यंत तिची मांडी बधिर झाली. तिनं लॅपटॉप बाकावर ठेवला, बाक करकरला. जमिनीवर ठेवला, फळी वाकली. गुरुवारी सकाळी बोट डावीकडं कलली. डाव्या बाजूच्या डुकरांना उजवीकडं नेलं, तरी डावीकडंच. आणि दहाच्या सुमारास, ऑगस्टचं उथळ पाणी, बोट कर्रकन वाळूत बसली.

कप्तान मेलितोन हा शांत माणूस. त्यानं आधी केळी उतरवली, सहाशे घड. बोट हलली नाही. मग चाळीस डुकरं. नाही. मग माणसं, फक्त एक गरोदर बाई सोडून, कारण तिच्या पोटातलं तो तिकिटात धरत नसे. बोट आणखी एक वीत खाली गेली.

“कुणाकडं काय आहे?” कप्ताननं वाळूत उभ्या लोकांना विचारलं. “ज्याच्याकडं असेल त्यानं सांगा. मी ओरडणार नाही.”

कुणी बोलेना. डेल्सियाही बोलली नाही. गुरुवार गेला. शुक्रवारची सकाळ झाली. चार हमाल बोटीत एकएक पिशवी उचलून बघत तिच्या बाकाशी आले, तेव्हा कप्ताननं तिला वर बोलावलं. चौघांनी मिळून लॅपटॉप उचलला आणि चौघंही गुडघ्यापर्यंत फळीत गेले.

“बाई, यात आहे तरी काय?” कप्तान म्हणाला.

“पत्र.”

“किती?”

“एक.”

“कुणाचं?”

डेल्सियानं खाली पाहिलं. तिच्या तोंडातून आधी आलं ते असं, “त्या योबेरनं मला नीट सांगितलं नाही.” बोट बोटभर खाली गेली. “पेटीचं नावच फसवं आहे.” आणखी बोटभर.

कप्ताननं टोपी काढली. “बाई, तिसरं काही बोलायचं असेल तर विचार करून बोला. खाली फार पाणी उरलेलं नाही.”

मग डेल्सियानं सगळं सांगितलं. बर्फगोळा. तंगडी. जाळं. त्या पोरीचा पंधरावा वाढदिवस. शेवटी रेडिओ सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला, की लांबच्या लोकांना पुढच्यांना विचारावं लागलं.

“रेडिओ होता, आणि तू पाऊस विचारलास?” एक म्हातारी म्हणाली.

“हो, मावशी.”

“चांगला होता का पाऊस?”

डेल्सियाला वाटलं, कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, “नव्हता, मावशी.” आणि पायाखालची फळी थरथरली. बोट वाळूतून अशी उठली, जशी म्हैस डबक्यातून उठते. अंगावरून पाणी गाळत, कुणाची घाई नसल्यासारखी.

घाई मात्र होती. साडेनऊ वाजले होते. पहिला टॉवर अडीच तासांवर. डुकरं, केळी वाळूतच राहू दे म्हणाला कप्तान, माणसं चढा. इंजिन असं धावलं की काठावरचे बगळे मागं पडले. डेल्सिया नाकाशी उभी, लॅपटॉप डोक्यावर धरलेला. बारा वाजायला दहा मिनिटं. पाच. वळणावर झाडांच्या वर टॉवरचं टोक दिसलं, सुईएवढं. तीन मिनिटं. आणि पडद्यावर पेटीपुढचा तो एक थरथरला, थरथरला आणि बाटलीचं बूच उडावं तसा फट्कन उडाला. बोट पाण्यातून हातभर वर आली. कप्तानची टोपी गेली ती अजून सापडली नाही. घड्याळात बाराला एक मिनिट कमी.

तेव्हा काय सांगायचं, अदेल्मोची बदली झाली. नोव्हेंबरात तो लेकीबरोबर नाचला, पायात नवे बूट घालून. आता पुकाल्पाच्या मोठ्या दवाखान्यात असतो. रविवारी बायको-लेकीला घेऊन नदीकाठी फिरतो, आणि डेल्सिया समोरून आली की तिला आग्वाहेचा गोळा घेऊन देतो. ती तो खाते. मजेत खाते. मनाला काही लागत नाही तिच्या.

“आजोबा,” कोपऱ्यातली पायाला फडकं बांधलेली बाई म्हणाली, “मी सांता रुफिनाची. गेल्या आठवड्यात या पायातला पाकटाचा काटा अदेल्मोनंच काढला. आमच्या गावच्या दवाखान्यातच होता, आणि त्या पोराकडं स्वतःचंच जाळं उसनं मागत होता.”