थेंबबाबाचं फडकं

त्या सकाळी वाहनतळावर पाय ठेवायला जागा नव्हती. मालट्रकांचे चालक, रिकामटेकडे, अर्धी दुकानं उघडी टाकून आलेले दुकानदार, सगळे डिझेलमध्ये मंतरलेले थेंब टाकून धूर घालवणाऱ्या थेंबबाबाभोवती. त्या काळी गर्दी दिसली की कारण विचारायची कुणाला गरज वाटत नसे.

बाबाच्या शिष्याने एका मालट्रकचं बॉनेट उघडून इंजिनाच्या तोंडावर पांढरं फडकं घट्ट गुंडाळलं. इंजिनाला आधी नम्र करावं लागतं म्हणे. चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला आणि काळ्याकुट्ट धुराने पुढची रांग खोकत मागे सरली. धूर म्हणजे इंजिनाचं पाप, असं बाबाने समजावलं. मग टाकीत काही थेंब, ओठांची पुटपुट, शिष्याने फडकं सोडलं आणि धूर गायब. लोकांनी हात जोडले. हात जोडायला अक्कल लागत नाही, ही एक सोय असते.

शाळेची बस चालवणारा, आत्यासोबत आलेला भाचा सगळ्यांत पुढे होता. त्याची बस इतका धूर ओकायची की मागच्या बाकावरची त्याची स्वतःची लेक खोकून बेजार व्हायची. डिझेल फवारणारं नोझल साफ करायला बस ठेवून जा, असं गॅरेजवाला कधीचा सांगत होता. पण बस दिवसभर उभी ठेवणं भाच्याच्या जिवावर येई. आता बाबाच्या थेंबांची बाटली मिळाली की सुटलो, असं त्याला वाटलं.

शेजारी त्याची ही आत्या उभी होती, शाळेतून निवृत्त झालेली विज्ञानाची बाई.

"टाकीतलं डिझेल इंजिनात उडी मारतं का रे?"

"आत्या, इथे नको."

"मधे नळी आहे, फिल्टर आहे. थेंब टाकीत पडले, तेव्हा इंजिन जुनंच डिझेल जाळत होतं. मग धूर गेला कशाने?"

रोज टाकी भरणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही; कधी विचारच केला नव्हता.

तेवढ्यात बाबाने त्याचीच बस पुढे घ्यायला लावली. फडकं बांधलं, धूर उसळला. आत्या अगदी मऊपणे म्हणाली, "थेंब घाला महाराज. फडकं मात्र तसंच राहू द्या."

थेंब पडले. धूर तसाच. बाबाने आणखी ओतले. धुराने दाद दिली नाही. थेंबांना मुरायला वेळ लागतो, शिवाय अश्रद्ध बाई जवळ असली की ते लाजतात, असं बाबाने जाहीर केलं.

"माझ्या ट्रकमध्ये तर नाही लाजले," मघाचा चालक म्हणाला.

त्यालाच सीटवर बसवून भाचा खाली उतरला आणि त्याने फडकं ओढून काढलं. धूर झरकन ओसरला, रोजच्याइतका उरला. बाबा आणि शिष्य त्याआधीच पिशवी आवरू लागले होते.

आत्याने सगळ्यांना सांगितलं: डिझेल नीट जळायला हवा लागते. इंजिनाचं ते तोंड म्हणजे हवा आत जायची वाट; फडक्याने ती कोंडली, म्हणून काळा धूर. फडकं सुटलं, हवा मिळाली, धूर गेला. डिझेलमध्ये घालायची खरी औषधंही असतात, त्यांनी ज्वलन थोडंफार सुधारतंही. पण तो गुण यंत्राने मोजतात, टाळ्यांनी नाही. बिघडलेलं नोझल त्यांच्या भरवशावर सोडू नये. आणि चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी एवढं पाहावं, की तेवढ्या वेळात आणखी काय काय बदललं.

"मग हा उरलेला धूर?" भाच्याने हळूच विचारलं.

"तो तुझा. त्यात बाबाचा काही दोष नाही."

भाच्याने बस गॅरेजच्या रस्त्याला लावली. लेक त्या दिवशी आत्याचा हात धरून पायी शाळेत गेली.