कोण बोलतंय?

लिफ्टच्या शाफ्टमध्ये, म्हणजे ती ज्या उभ्या पोकळीतून वर-खाली जाते तिथे, आवाजाचा भरवसा नसतो. वरचा खालून आल्यासारखा वाटतो आणि सगळ्यांचे आवाज एकसारखेच ऐकू येतात. म्हणून आम्हा मेकॅनिक लोकांचा एक नियम आहे: आधी नाव, मग हुकूम. "लंबू बोलतोय, थांबव." मग दुसऱ्याने म्हणायचं, "थांबवलं, लंबू." बिननावी आवाज आला तर हात हलवायचा नाही. विचारायचं, "कोण बोलतंय?"

बावीस वर्षांत ही सवय हाडीमाशी खिळली. घरीसुद्धा स्वयंपाकघरातून हाक आली की मी हेच विचारतो. बायको कपाळावर हात मारते. "तुमची एकुलती एक बायको बोलतेय, जेवायला या."

लंबू माझा पंधरा वर्षांचा जोडीदार. चार महिन्यांपूर्वी तो शाफ्टमध्ये पडला आणि गेला. त्याच्या कमरेच्या सुरक्षा-पट्ट्याची कडी दोराला अडकवलेली नव्हती. जोडीदाराची कडी ओढून बघणं हे माझं काम, आणि त्या दिवशी मी ती बघितली नाही. एवढंच. एवढ्यावर माणूस गेला.

मी देवापुढे गुडघे टेकून हे कबूल केलं. मग लंबूच्या घरी जाऊन त्याच्या बायकोलाही सांगितलं. वहिनी खूप रडल्या. शेवटी म्हणाल्या, "भावजी, मी क्षमा केली. रोज नव्याने करावी लागेल, पण करीन."

तरी तो आवाज सुरू झालाच. हुबेहूब लंबूचा, त्याच्या खोकल्यासकट. "तू मारलंस मला. आता तूही ये." दाढी करताना यायचा, बसमध्ये यायचा, प्रार्थनेला डोळे मिटले की हमखास यायचा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप लागू लागली, आवाज काही हटेना. पास्टर घरी येऊन प्रार्थना करून गेले. मी मात्र शाफ्टमध्ये पाय टाकणंच सोडलं आणि ऑफिसात तक्रारी लिहून घेत बसलो. भेकड म्हणा हवं तर, मी स्वतःला रोज म्हणतच होतो.

मंगळवारी सकाळी इस्पितळातून फोन आला. लिफ्ट सातव्या मजल्याजवळ अडकली होती. आत एक आजारी आजी आणि एक नर्स, आणि आजींचा ऑक्सिजन जेमतेम अर्धा तास पुरणार. बाकी सगळे शहराच्या दुसऱ्या टोकाला. ऑफिसात होते फक्त आमचे सगळ्यांत जुने मेकॅनिक, मास्तर, निवृत्तीला आलेले आणि गुडघ्यांनी दगा दिलेले. ते वर लिफ्टच्या मोटारीपाशी थांबणार होते. दाराची अडकलेली खीळ काढायला लिफ्टच्या छतावर उतरणं मलाच भाग होतं.

मास्तरांनी माझी कडी दोनदा ओढून बघितली. मी उतरलो. शेजारी दुसऱ्या लिफ्टची मोकळी पोकळी होती, खाली सात मजले अंधार.

"आलास?" लंबूचा आवाज. "कडी सोड. तुला माफी नाही."

माझा हात कडीवर गेला. खरं सांगतो, गेला. घाम डोळ्यांत उतरला, प्रार्थनेचा एक शब्द आठवेना. तेव्हा तोंडातून सवयीचंच निघालं, "कोण बोलतंय?"

"कडी सोड," पुन्हा तेच.

"नाव सांग!"

"तू मारलंस," एवढंच.

पंधरा वर्षांत लंबू शाफ्टमध्ये नाव सांगितल्याशिवाय एकदाही बोलला नव्हता. हा लंबू नव्हताच. मेल्या सैतानाने माझ्या मित्राचा आवाज चोरून आणला होता! इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला भीतीपेक्षा राग जास्त आला.

मग मी नियमाने बोललो, आधी नाव. "येशूचा माणूस बोलतोय. होय, ती कडी मी बघितली नाही. ते पाप मी प्रभूच्या पायाशी ठेवलंय आणि त्याने ते आपल्या रक्ताने धुतलंय. ते पुन्हा उकरायचा तुला हक्क नाही. येशूच्या नावाने सांगतो, चालता हो!"

वीजबीज काही चमकली नाही. पण पोकळी नुसती पोकळी राहिली, आणि मला वंगणाचा तो जुना, ओळखीचा वास आला.

तेवढ्यात पायाखालून आवाज आला, "आमेन."

मी दचकून ओरडलो, "कोण बोलतंय?"

"आजी बोलतेय, बाळा. आता आम्हाला बाहेर काढ."

"काढतो, आजी," मी म्हणालो. बाहीने डोळे पुसले आणि खिळीला हात घातला.