सातव्या खाचेतला डाग

मिनिकॉम्प्युटर या नावातल्या ‘मिनी’ला कुणी फसू नये. इंजिनियरच्या मागच्या खोलीतला मिनिकॉम्प्युटर उंचीला फ्रिजएवढा होता आणि वजनाला दोन फ्रिजांएवढा. तो वर चढवताना चार हमालांपैकी दोघांनी जिन्यात देवाचं नाव घेतलं आणि उरलेल्या दोघांनी इंजिनियरचं.

इंजिनियरने हवामान कार्यालयात तीस वर्षं याच जातीचं यंत्र सांभाळलं होतं. निवृत्त झाल्यावर भंगारवाल्याकडे त्याचा जुळा भाऊ धूळ खात पडलेला दिसला आणि त्याचा जीव कासावीस झाला. त्याला आता तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत इंजिनियरने यंत्राची प्रत्येक तार तपासली, गंजलेले पाय घासले, सुटलेल्या जागी कथलाचे नवे डाग दिले. डाग द्यावा तर त्यानेच. गोल, चकचकीत, मोहरीएवढा. यंत्राच्या पुढचे दिवे आता लुकलुकायचे, पंखा घुमायचा, मागून गरम हवा यायची. फक्त शेजारी ठेवलेला टेलिप्रिंटर, ज्याने यंत्राचं म्हणणं कागदावर टाइप करून दाखवायचं, तो मूग गिळून बसला होता.

त्या गरम हवेवर इंजिनियरची बायको मोजे वाळवायची.

“एक काम तरी नेकीने करतं हो तुमचं यंत्र,” ती म्हणायची. “इस्त्री केल्यासारखे निघतात अगदी.”

इंजिनियरला याचं काही वाटत नव्हतं. म्हणजे साडूने तेच यंत्र आणेपर्यंत वाटत नव्हतं.

साडू म्हणजे धाकट्या मेहुणीचा नवरा. छापखान्यात मुद्रितशोधक होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढून त्याने संसार केला, आणि तरी सगळ्यांना तो आवडायचा, हे इंजिनियरला पहिल्यापासून खटकत होतं. छापलेलं काहीही वाचल्याशिवाय हा माणूस खाली ठेवायचा नाही. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद तो औषधाआधी दोनदा वाचायचा, आणि त्यात चूक सापडली की औषध न घेताच बरा व्हायचा. पण पाना-पक्कड? उभ्या जन्मात धरली नव्हती. दिवाणखान्यातला बल्बसुद्धा मेहुणीच बदलायची.

“दादा, तुमचं बघून मलाही नाद लागला,” असं म्हणून त्याने त्याच भंगारवाल्याकडून तिसरा जुळा भाऊ आणला, तेव्हा इंजिनियर मनापासून हसला. तसं हसणं त्यानंतर त्याला जमलं नाही.

कारण अकराव्या दिवशी फोन वाजला. बायकोने तो घेतला, डोळे मोठे केले आणि फोनवर हात ठेवून म्हणाली, “अहो, तुमच्या साडूंचं यंत्र बोललं म्हणे!”

“कधी आणलं त्याने?”

“अकराच दिवस झाले.”

“सुरुवातीला बोलतात,” इंजिनियर शांतपणे म्हणाला. “मग बसतात.”

मत्सर हा शब्द त्याने स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. छातीत काहीतरी आंबट वर आलं, ते त्याला पित्त वाटलं. त्याने पित्ताची गोळी घेतली. तासाभराने दुसरी घेतली.

गोळ्या संपल्या त्या जुन्या यंत्रांच्या मंडळाचा निरोप आला तेव्हा. मंडळात सातजण. ज्याच्या घरी चालतं यंत्र, त्याच्या घरी महिन्याच्या शेवटच्या रविवारी बैठक, असा नियम. तीन वर्षं इंजिनियर दर बैठकीत सांगत आला होता, “पुढची माझ्याकडे.” शेवटी शेवटी कुणी विचारतही नव्हतं, तोच आपणहून सांगायचा. आता चिटणीसांनी कळवलं, या रविवारी बैठक साडूंकडे.

मंगळवारी इंजिनियर बायकोला घेऊन साडूकडे गेला. अभिनंदनासाठी. खोली अशी टापटीप की तिथे यंत्राने बिघडणं बरं दिसलं नसतं. टेबलावर यंत्राचं जाडजूड माहितीपुस्तक, पानापानाला बारीक लाल खुणा. साडूने बटण दाबलं. दिवे पळाले, टेलिप्रिंटर धडाधड हलला, कागदावर अक्षरांची सरळ ओळ उमटली आणि शेवटी घंटी वाजली : टिंग.

“अगंबाई!” इंजिनियरची बायको टाळ्या वाजवत म्हणाली. इंजिनियरच्या यंत्रापुढे तिने टाळी वाजवली होती ती एकदाच, आणि तीही डास मारायला.

“एक छोटीशीच गोष्ट अडली होती बघा,” साडू म्हणाला. “पण ती तुम्हाला काय सांगायची, दादा? तुम्ही तीस वर्षं काढलीत यात. तुम्हाला ठाऊकच असणार.”

“अर्थात,” इंजिनियर म्हणाला. आपण काय म्हटलं ते त्याला घशाखाली उतरल्यावर कळलं. आता विचारायची सोय उरली नव्हती.

साडूने पुस्तकात सांगितल्याप्रमाणे यंत्र रीतसर बंद केलं आणि चहाचं पाहायला आत गेला. दोघी बहिणी आधीच आत होत्या. इंजिनियर एकटा उरला. त्याने मागचं झाकण उघडलं.

आत खाचांची रांग, आणि खाचांत उभी कार्डं, पुस्तकांच्या फळीसारखी. सगळं ओळखीचं. फक्त सातव्या खाचेत एक भलतंच इवलंसं कार्ड. त्याने ते उपसून हातात घेतलं. त्यावर एकही भाग नव्हता. चार तारा इकडून तिकडे गेलेल्या, बस्स. आणि डाग! हरभऱ्याएवढे, वेडेवाकडे, मधमाश्या डसलेल्या माणसाच्या तोंडासारखे. कोपऱ्यात लाल शाईचाही एक डाग पडला होता. इंजिनियरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्याच्या पोटात असले डाग आहेत ते यंत्र बोलतं, आणि ज्याच्या पोटात मोहरीसारखे डाग आहेत ते मोजे वाळवतं?

आत कपांचा आवाज झाला. कार्ड इंजिनियरच्या खिशात गेलं.

आता, साडू ट्रे घेऊन दारात यायला चांगलं अर्धं मिनिट होतं, आणि तेवढ्यात ते कार्ड दोनदा परत बसलं असतं. हे इथे सांगितलेलं बरं, कारण इंजिनियरने स्वतःला पुढे पाच दिवस उलटंच सांगितलं. चार तारांच्या तुकड्याने काय होतंय, असंही सांगितलं.

बुधवारी फोन आला. “दादा, यंत्र गप्प झालं हो. दिवे लागतात, पंखा फिरतो, पण टेलिप्रिंटर हूं की चूं करत नाही.”

“अरेरे,” इंजिनियर म्हणाला. त्याला तीन वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. “हात लावू नका. झाकणही उघडू नका. रविवारी मंडळी यायच्या आत येऊन बघतो.”

फोन ठेवून तो पलंगावर आडवा झाला. सगळं डोळ्यांपुढे दिसू लागलं. सहाजण चिंतातुर उभे आहेत, आपण झाकण उघडतो आहोत, कुणाचं लक्ष नसताना तुकडा जागेवर, आणि टिंग. आणि मग एकदम तो उठून बसला.

दिवे लागतात. पंखा फिरतो. टेलिप्रिंटर गप्प.

हे वर्णन त्याने कुठेतरी ऐकलं होतं. तीन वर्षं रोज ऐकलं होतं.

गुरुवारी बायको बाहेर गेल्यावर त्याने आपल्या यंत्राच्या मागचे मोजे काढले, झाकण काढलं आणि खाचा मोजल्या. सातवी रिकामी. यंत्र भंगारवाल्याकडे होतं तेव्हापासून ती रिकामीच होती. त्यात काही बिघडतं असं त्याच्या मनातही आलं नव्हतं, कारण हवामान कार्यालयात त्याने रिकामी खाच कधी पाहिलीच नव्हती. त्या कार्यालयात माणसांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या असत, पण यंत्रातल्या जागा मंजुरीबरहुकूम भरलेल्या. यंत्राचा मेंदू एका टोकाला, टेलिप्रिंटरचं कार्ड दुसऱ्या टोकाला. मधल्या प्रत्येकाने निरोप पुढच्याच्या हाती द्यायचा. मधे एकाची जागा रिकामी राहिली की निरोप तिथेच थांबला. तिथे काही न करणारा, फक्त पुढे देणारा कुणीतरी लागतो. चार तारांचा का होईना.

त्याने हरभऱ्याच्या डागांचं कार्ड सातव्या खाचेत बसवलं आणि बटण दाबलं.

टिंग.

इंजिनियर खुर्चीत बसला आणि रुमाल शोधू लागला. मिळाला नाही. मोजा मिळाला. तीन वर्षांनी यंत्र बोललं, आणि हे ज्याला ओरडून सांगावं असा एकही माणूस जगात नव्हता. सांगायचं म्हटलं तर पहिला प्रश्न, कसं काय?

शुक्रवारी त्याने त्या कार्डावरून दुसरं केलं. अर्ध्या तासाचं काम, पण त्याने दुपारभर केलं. डाग असे दिले की सोनाराने तोंडात बोट घालावं. ते आपल्याला, आणि मूळचं साडूला परत, असा साधा बेत होता. शनिवारी बायको घरात असताना त्याला राहवलं नाही आणि यंत्र पुन्हा एकदा बोलतं करून पाहिलं.

“कसला आवाज झाला हो?” बायकोने आतून विचारलं.

“चमचा पडला.”

“मागच्या खोलीत?”

“मोठा चमचा.”

रविवारी सकाळी निघताना यंत्र चालूच होतं. कार्ड बदलायचं तर ते बंद करावं लागणार. तीन वर्षं मुकं असलेलं लेकरू बोलायला लागल्यावर त्याच्या तोंडावर हात कोण ठेवेल? इंजिनियरने नवं कार्ड खिशात टाकलं. शेवटी चारच तारा. कुणाला कळतंय?

साडूकडे मंडळ जमलं होतं. चिटणीस घड्याळ बघत होते. दोघी बहिणी दारात उभ्या होत्या.

“आले, आले, डॉक्टर आले,” चिटणीस म्हणाले. “काय हो, जगेल का?”

“बघू,” इंजिनियर म्हणाला आणि बाह्या सरसावल्या. एक वायर उगाच हलवली. एका कार्डाला कान लावला. “हं,” म्हणाला. सहाजणांनी एकमेकांकडे बघितलं. “साडूबुवा, जरा टॉर्च आणता?” साडू वळला आणि इंजिनियरचा हात खिशातून सातव्या खाचेकडे जाऊन परत आला. “आता लावा बटण.”

दिवे पळाले. टेलिप्रिंटर धडधडला. टिंग.

“वाहवा!” चिटणीसांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “अनुभव तो अनुभव! पुस्तकं वाचून हे येत नाही!”

याच वाक्यासाठी इंजिनियर तीन वर्षं जगला होता. ते तो पुरतं चाखतो न चाखतो, तोच दारातून बायको म्हणाली, “अहो, हा तर आपला चमचा!”

“कसला चमचा?” मेहुणीने विचारलं.

“अगं, काल आमच्या मागच्या खोलीत चमचा पडला. अस्साच. टिंग!”

खोलीत कुणाला काही कळलं नाही. साडू टॉर्च घेऊन खाली वाकला, आत बघितलं, आणि जरा जास्तच वेळ बघत राहिला. इंजिनियर सरसावलेल्या बाह्या खाली करू लागला. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांच्या चुका काढल्या, तो माणूस आता सरळ होत होता.

“मंडळी,” साडू म्हणाला, “म्हणजे दादांचंही बोलायला लागलं तर! पुढची बैठक त्यांच्याकडे धरायला हरकत नाही. चहा घ्या आत.”

सगळे आत गेले. साडूने यंत्र रीतसर बंद केलं, सातव्या खाचेतलं कार्ड काढलं आणि उजेडात धरलं.

“यावर माझी खूण नाही, दादा.”

“कसली खूण?”

“मी जे तपासतो त्याच्या कोपऱ्यात लाल टिक करतो. सवय.”

इंजिनियरला तो शाईचा डाग आठवला. काय बोलावं ते सुचेना म्हणून तो खरं बोलला. “त्या दिवशी चहाच्या वेळी मीच... आणून देतो तुमचं. आत्ता जातो.”

“राहू द्या हो. तुमच्याकडची सातवी रिकामी आहे हे मला गेल्या वर्षीच दिसलं होतं, झाकण उघडं होतं तेव्हा, मोज्यांच्या मागून. त्याचा अर्थ आता पुस्तकात कळला. पान एकशे त्रेचाळीस, तळटीप. त्या मंगळवारी सांगणार होतो, पण तुम्ही म्हणालात ठाऊक आहे.”

“आत मंडळींना सांगा तुम्ही. सांगायलाच हवं.”

“छे. चूक समासात दाखवायची असते, मोठ्याने वाचून नाही दाखवायची.” साडूने कार्ड फिरवून पाहिलं. “पण डाग काय सुंदर दिलेत! माझे म्हणजे अगदी हरभरे. असा डाग मला या जन्मी जमायचा नाही. हेवा वाटतो तुमचा.” मग खिशातून लाल पेन काढलं, नव्या कार्डाच्या कोपऱ्यात एक बारीक टिक केली आणि ते जागेवर बसवलं.

म्हणजे इथेही तोच पुढे. हेवा वाटतो असं तोंडावर म्हणून मोकळा झाला, आणि गोळी न घेता.

पुढच्या महिन्यात बैठक इंजिनियरकडे झाली. मोजे आधीच हलवले होते. मंडळाने यंत्राला टाळ्या दिल्या, बायकोनेही दिल्या, साडूने सगळ्यांत जोरात दिल्या. हरभऱ्याच्या डागांचं कार्ड अजून सातव्या खाचेत आहे. इंजिनियर रोज ठरवतो, आज ते काढायचं आणि स्वतःच्या हाताने नवं करून बसवायचं. झाकणही उघडतो. पण ते बेढब डाग अजून एकदाही सुटलेले नाहीत, आणि त्यांच्याकडे बघितलं की छातीत पुन्हा आंबट वर येतं. मग तो झाकण लावतो, गोळी घेतो आणि बटण दाबतो.

“अहो,” बायको आतून ओरडते, “चमचा उचला!”