निळा फ्रॉक कोणासाठी

नऊ वर्षं मी भावाच्या कंपनीचे फुकट मिळालेले टी-शर्ट घातले. आई अंथरुणाला खिळलेली. तिला उचलायचं, पुसायचं, भरवायचं, त्यात आपल्या अंगावर काय आहे हे बघतं कोण? ती गेली तेव्हा मी बावन्न वर्षांची होते आणि कपाटात माझं म्हणावं असं एक कापड नव्हतं. दुखवट्याचे काळे कपडेसुद्धा वहिनीने आणून दिले आणि एकोणपन्नासाव्या दिवसाचा आमचा चिनी विधी झाल्यावर तिनेच परत नेले. आपल्या मुलाचं लग्न जमवायचं होतं, म्हणून केंग हॉकने, माझ्या धाकट्या भावाने, आईचा दुखवटा तेवढ्यावरच उरकला. मी मान डोलावली. नाही म्हणायलासुद्धा अंगात बळ लागतं.

लग्न जवळ आलं तशी मी मलाक्क्याच्या नदीकाठी एका दुकानात शिरले. दुकानवाली पोरगी क्वालालंपूरची. आमच्या आया तरुणपणी घालायच्या त्या घाटाचे फ्रॉक ती नव्या बाटिकमधून शिवते. कमरेला बेताचे, खाली घेर, पाठीवर बटणं. मी निळा उचलला, पांढऱ्या फुलांचा. आरशात बघितलं तर खांदे पडलेलेच होते, डोळ्यांखालचं काळंही जागच्या जागी. पण त्या दमलेल्या बाईला तो फ्रॉक शोभत होता. ही मी, असं वाटलं. आणि हे कळायला इतकी वर्षं लागली म्हणून स्वतःचाच रागही आला.

"मावशी, तुमच्यासाठीच शिवलाय बघा," पोरगी म्हणाली.

"सगळ्यांना हेच सांगतेस ना?"

"सांगते. पण तुमच्या वेळी खोटं बोलावं लागलं नाही."

लग्नाच्या सकाळी घरभर लाल-गुलाबी गर्दी. नवरानवरी वडीलधाऱ्यांना चहा द्यायला निघणार होती. आत्या म्हणून माझी खुर्ची दुसरी. पहिलीवर बी तिन काकू, वय चौऱ्याऐंशी, नजर अजून सुईत दोरा ओवणारी. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कोण गेलं गं, गेक चू?"

"काकू, लग्नघरात काय हे बोलणं?"

"मी कुठे बोलतेय? तुझा फ्रॉक बोलतोय. निळ्यावर पांढरं! अगं, पहिलं वर्ष काळं, मग निळं, मग हिरवं, तेव्हा कुठे दुखवटा फिटतो. आईने एवढंही शिकवलं नाही?"

शिकवलं असतं. माझ्या विचारण्याची वेळ आली तेव्हा तिची वाचा गेली होती. आणि हल्ली आमच्यात हे पाळतं तरी कोण? पण आजूबाजूच्या म्हाताऱ्या कुजबुजायला लागल्या, आणि केंग हॉक घाम पुसत धावत आला. हातात वहिनीचं गुलाबी जाकीट.

"ताई, हे चढव वरून. मुलीकडचे बघतायत. आजच्या दिवशी अपशकुन नको."

मी हात पुढे केलासुद्धा. नऊ वर्षांची सवय, कोणी काही दिलं की अंगावर घालायचं.

काकू मात्र बोटं मोजत होती. "थांब रे. तुझी आई गेल्या वर्षी, सातव्या महिन्यात, भुतांच्या. म्हणजे वर्ष झालं, वर तीन महिने." तिचा आवाज खाली आला. "निळंच बरोबर आहे की."

"काकू, दुखवटा कधीच फिटलाय," केंग हॉक दबक्या आवाजात म्हणाला.

"तुझा फिटला," मी म्हटलं.

मी जाकीट घेतलं नाही. पण पोराच्या लग्नात विघ्न नको, माझा जीव आहे त्याच्यावर. माझी खुर्ची रिकामी ठेवून मी मागच्या अंगणात गेले. आचारी मोठाल्या पातेल्यांत कोंबडी ढवळत होते. एका स्टुलावर बसले आणि पंधरा महिन्यांत पहिल्यांदा रडले. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत. आईसाठी रडले आणि थोडी माझ्यासाठीही. आचाऱ्यांची मुख्य बाई घाबरून पाणी घेऊन आली, गप्प बसा म्हणून माझी पाठ चोळायला लागली.

दारातून काकूचा आवाज आला. चहा अर्धा सोडून ती काठी टेकत आली होती.

"रडू दे तिला," ती म्हणाली. "तिची आई गेलीय."