लिंबाला टांगलेली वायरची पिशवी

मित्रांनो, मला हात लावायला भिऊ नका. मी एक जुनी वायरची पिशवी हाय. चावत न्हाई, डसत न्हाई. पण एक साल असं आलं की माणसं मला सापावानी भ्यायची. आन खरं सांगते, मीबी माणसाला तवाच भ्याले.

नेकनूरच्या पलीकडं एक वस्ती हाय. तिथं अंजूनं मला इणलं. अंजू म्हणजी सारजाबाईची सून. नवी नवी लगीन होऊन आलती, घरात करमत न्हवतं, मंग बचत गटातल्या बायांकून वायर इणायचं शिकली. एक निळी वायर, एक पिवळी. माझ्या बुडाला एक चौकडा चुकला. सारजाबाई पोट धरून हसली, "अंजे, पिशवी इणली का ठिगळ लावलं गं?"

अंजूला राग आला, पर उसवलं न्हाई. म्हणली, "राहू द्या आत्याबाई. बाजारात हरवली तर वळखू तरी येईल."

लई चांगले दिस व्हते ते. नेकनूरच्या बाजारात मी दर आठवड्याला जायची. येताना माझ्यात कांदे, वांगी, मिरच्या, वर मेथीची जुडी. एसटीत सीटखाली बसायची. बाया इचारायच्या, "कुटून घेतली वो?" सारजाबाई मान वर करून सांगायची, "घेतली न्हाई. आमच्या सुनंनं इणली." सुनंच्या तोंडावर मातर कधी कवतिक करायची न्हाई. तोंडावर नुसते टोमणे.

एक सामान अंजू कुणाच्या हातात द्यायची न्हाई. सारजाबाईला शुगर व्हती, रोज दोन टाइम इन्शुलिनची सुई लागायची. त्याची बारकी काचंची बाटली मेडिकलमधून घेतली की अंजू वल्ल्या फडक्यात गुंडाळायची आन माझ्यात कोथिंबिरीच्या मधी ठेवायची. मेडिकलवाल्यानं सांगितलतं, उनाला दावायची न्हाई, औषध मरतं. घरी फ्रीज न्हवता. माठाजवळच्या वल्ल्या वाळूत एक गाडगं पुरलतं, त्यात ती बाटली राहायची.

मंग लॉकडाऊन लागला.

बाजार बंद, एसटी बंद. अंजूचा नवरा बिभीषण ट्रकवर ड्रायव्हर, तो तिकडं कर्नाटकात अडकला. घरात सासू आन सून दोघीच. वस्तीच्या लोकांनी बाभळीचे फास, म्हणजी काटेरी फांद्या, तोडून आणले आन रस्त्यावर आडवे टाकले. काट्याची भिंतच म्हणा. बाहेरचं कुणी आत न्हाई, आतलं कुणी बाहेर न्हाई.

पर चटणी-मीठ तर लागतंच की. तवा भागवत कामाला आला. भागवत म्हणजी बिभीषणचा दोस्त, शेजारच्या गावचा दूधवाला. दुधाचा पास असल्यामुळं पोलीस त्याला सोडायचे. सकाळी तो फासापशी थांबायचा, लोक लांबून वरडून सामान सांगायचे आन पिशव्या फासावरून फेकायचे. नेकनूरहून तो किराणा आणायचा. गाडीला दुधाचे कॅन आन कॅनला लोंबकळणाऱ्या आमी पिशव्या.

"शहरात मोबाईलवर मागवतेत, तसंच हाय बघा," भागवत मास्कातनं हसायचा. "फक्त आमच्या गाडीला दुधाचा वास हाय."

पर तो सामान ठेवून माघारी गेला की कुणी पिशवीला हात लावायचं न्हाई. दगडाबाई पुढं व्हायची. दगडाबाईची शेरडं व्हती. झाडावरच्या शेंगा वढायला तिच्याकडं लांब काठीची आकडी व्हती. त्या आकडीनं ती एकेक पिशवी उचलायची आन रस्त्याकडच्या कडूलिंबाला टांगायची. मोबाईलवर कुणीतरी पाठवलतं, उनात कोरोना मरतो. मंग वस्तीनं नेमच केला, बाहेरून आलेलं सगळं एक दिस लिंबावर, उनाच्या बाजूला. दुसऱ्या दिशी खाली काढायचं.

सारजाबाई ओट्यावरून बघायची आन म्हणायची, "औंदा लिंबाला निंबोळ्या न्हाई, पिशव्या लागल्यात."

हसायचे सगळे. पर पदराआडून. तोंड उघडं टाकायची कुणाची टाप न्हवती.

वैशाखाचं ऊन. त्या दिशी माझ्यात गूळ व्हता, चहापत्ती व्हती, तिखट व्हतं. आन मधी वल्ल्या फडक्यात ती बाटली. आधीची संपलती. अंजू फासापशी उभीच व्हती.

"दगडाकाकू, माझी पिशवी आत्ताच द्या. त्यात आत्याबाईची सुई हाय."

"सुई असू न्हाईतर सोनं असू. उद्या."

"ती उनात ठेवायची नसती वो. औषध मरतं."

"आन कोरोना ठेवायचा असतो का? पलीकडच्या गावात एक सापडलाय. तुज्यापाई आख्खी वस्ती मारू का?"

मागं लोक लांब लांब उभे. त्यातले मोहनराव दबक्या आवाजात म्हणले, "सावलीत टांगा की मंग."

"सावलीत मरत न्हाई त्यो. उनातच मरतो. तुमीच दावलतं ना मोबाईलात?"

मोहनरावानं मोबाईल खिशात घातला. अंजूनं सगळ्यांकडं बघितलं. कुणी नजर दिली न्हाई. भांडावं तर उद्या हापशावर पाण्याला येऊ देणार न्हाईत. नवरा लांब. तिनं मान खाली घातली. मला एवढा राग आला! पर पिशवीचा राग काय कामाचा?

आकडी माझ्या बंदात अडकली आन मी वर गेले.

मित्रांनो, टांगलेल्या पिशवीला काय करता येतं? काहीच न्हाई. दुपारी माझी वायर मऊ पडली. फडकं कवाच सुकलं. चहापत्तीचा वास कडक झाला. मंग गूळ पाघळला. आधी घाम आल्यावानी, मंग चिकट धार. ती त्या बाटलीच्या खोक्यावर गेली, माझ्या बुडातून खाली ठिबकली. मुंग्या लागल्या. माझं आख्खं अंग भोकाचं, पर एका भोकातून आवाज न्हाई निघाला. खालून माणसं जायची, वर बघायचीबी, पर लांबून जायची.

दुसऱ्या दिशी अंजूनं खोकं पदरानं पुसलं. बाटली उजेडाला धरून बघितली. दिसायला तशीच. तिनं लई वेळ बघितली. मंग सुई भरली. दुसरी बाटली कुटं व्हती?

पयल्यांदा सारजाबाईला तहान लागायला लागली. तांब्यामागं तांब्या. "अंजे, रांजणच आण इकडं. तांब्यानं कुटं भागतंय," असं म्हणून हसली. पुढच्या दिशी हसली न्हाई. उठली की तोल जायचा. जेवण नको, बोलणं नको. डोळे मिटूनच पडायची. आन मंग दम लागला. छाती भात्यावानी खालीवर.

तो दम दगडाबाईनं ओट्याच्या बाहेरून बघितला आन मागं मागं सरकत गेली.

"लागला! सारजीला लागला!"

मी खुंटीवरून ऐकत व्हते. रस्त्यावर दारं लागल्याचे आवाज. मंग पावलांचे. मंग काटे वढत आणल्याचा आवाज. माणसं तोंडं बांधून आलती. उघड्या तोंडाची असती तर नावं सांगितली असती. त्यांनी आमच्या दारापुढं फास टाकले. रस्त्यावर टाकतेत तसे. आन गेले. एकानंबी इचारलं न्हाई, आत दोन बाया हायत, प्यायला पाणी हाय का.

अंजू दारात उभी राहिली. रडली न्हाई. तिनं मला खुंटीवरून काढलं, मागच्या भिंतीवरून उडी मारली आन ज्वारीच्या धसकटातून पळत रस्त्याच्या फासापशी आली. भागवतची गाडी तिथंच व्हती.

"वहिनी, काकूला काय झालं? लोक काय काय बोलायलेत."

"सुई लागू पडंना भाऊजी. देते तरी शुगर वाढायलीच हाय असं वाटतंय. डोळे उघडंना त्या."

"बाटली कुटं ठेवलती?"

अंजूनं लिंबाकडं हात केला.

"उनात? आख्खा दिस?" भागवतनं मास्क खाली वढला. "अवं वहिनी, कावून टांगू दिली?"

"कावून?" अंजू फाटकन बोलली. "तुमी टाकून गेलात आन माघारी बघितलं न्हाई. मी एकटी बाई कुणाकुणाशी भांडू? सांगा ना!"

भागवतनं मास्क पुन्हा वर वढला. त्यानं गाडी वळवली. जाता जाता वरडला, "फासापशीच थांबा. आलोच."

ते थांबणं मी इसरणार न्हाई. ऊन चढायलं आन अंजू माझे बंद पिळायली, सोडायली, पुन्हा पिळायली. घरात सारजाबाई एकटी. श्वास हाय का थांबला, कळायला वाट न्हाई.

गाडीचा आवाज आला. भागवतनं एका कॅनमधी बर्फ भरून आणलता, त्यात नवी बाटली. "डॉक्टरला फोन केलता. हे जाग्यावर द्या म्हणले, आन लगेच घेऊन या. उशीर केला तर..."

अंजूनं मला फासावरून फेकलं. भागवतनं बाटली माझ्यात ठेवली, वर बर्फाचं फडकं, आन मला काट्यावरून पुढं केलं. तेवढ्यात वरून दगडाबाईची आकडी आली. माझा एक बंद आकडीत, दुसरा अंजूच्या मुठीत.

"सोड गं. आधी लिंबावर."

"सोडा काकू!"

"नेम म्हंजी नेम! तुज्या घरात तर रोगच हाय!"

दोघींनी वढलं. कटकन माझा बंद तुटला. मी उलटी झाले. अंजूनं बाटली छातीशी धरली आन माझं बूड दगडाबाईच्या तोंडापुढं नेलं. तिथं गूळ वाळून काळा झालता, त्यात मेलेल्या मुंग्या.

"हे बघा! हा गूळ हाय. तुमच्या उनात पाघळला. गूळ पाघळतो तर औषधाचं काय झालं असंल? कोरोना न्हाई त्यांना. आपण त्यांची सुई मारली!"

दगडाबाई माझ्याकडं बघत राहिली. एवढ्या दिसात माझ्याकडं एवढ्या जवळून पयल्यांदाच कुणी बघितलं. तिच्या हातातली आकडी खाली आली.

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"मी सांगितलतं. याच जागी."

अंजू थांबली न्हाई. बाटली घेऊन घराकडं पळाली. मी तिथंच काट्यात पडले.

दगडाबाईनं पदर नाकाला घट्ट बांधला आन आकडीनं रस्त्यावरचे फास वढायला लागली. आमच्या घराजवळ जायची तिची छाती न्हवती, पर वढत व्हती. लोक वरडले, "दगडाबाई, काय करायलीस?" ती फिरून म्हणली, "वाट करायले. तुमच्यात कुणी मर्द असंल तर या. न्हाईतर गप बसा."

मोहनराव आले. त्यांनी आन अंजूनं आमच्या दारापुढचे फास वढले आन सारजाबाईला खाटंवर घालून आणलं. भागवतनं कॅन रस्त्यातच उतरवले. म्होरं भागवत, मधी सारजाबाई, मागं तिला धरून अंजू. सारजाबाईची मान भागवतच्या पाठीवर पडलती. गाडी गेली. धूळ खाली बसली.

मंग कुणीतरी म्हणलं, "ती पिशवी जाळा." एकानं काडी बी काढली. मित्रांनो, वायर जळताना कशी आकसती ते मी बघितलंय. मी लई भ्याले.

"जाळू नका," दगडाबाई म्हणली. "टांगते मी." आन तिनं मला लिंबाला टांगलं. एका बंदावर. पर या टायमाला सावलीच्या बाजूला.

तिथं मी कितीतरी दिस व्हते. भागवत यायचा, पर लोक त्याच्यापासून लांब पळायचे, मंग तो काय सांगायचा ते मला ऐकू यायचं न्हाई. सारजाबाई जिती हाय का न्हाई, हेच कळंना.

एका सकाळी गाडी आली. मागं अंजू, मधी सारजाबाई. हाडं वर आलती, पर मान सरळ व्हती. कोरोना न्हवताच. नुसती शुगर. डॉक्टर म्हणले, आणखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती.

दगडाबाई लांब बाभळीखाली उभी. जवळबी येईना, जाईबी ना. सारजाबाई ओट्यावर टेकली. अंजूनं चहा ठेवला. सारजाबाईनं आवाज दिला, आवाज लई बारीक झालता.

"दगडे, ये. चहा घे. का कप आधी उनात ठेवायचा?"

दगडाबाई तिथंच खाली बसली आन ढसाढसा रडली.

आता अंजूनं मला सुतळीचा बंद लावलाय. बाजाराला नवी पिशवी जाती. मी माठाजवळ लटकते, माझ्यात लसूण असतो. पुन्हा कवा असला रोग येईल का, मला म्हाईत न्हाई. आला तर तुमी भ्या. भ्यायला लाजू नका, मीबी भ्याले. मास्क लावा, हात धुवा, लांब उभे राहा. पर कुणाची पिशवी लांब टांगायच्या आधी, कुणाच्या दारात काटे टाकायच्या आधी, एकदा वाकून बघा, आत काय हाय. मी तर वायरची. माझ्या भोकाभोकातून त्या बाटलीचं फडकं सगळ्यांना दिसत व्हतं.