मराठीविना निघालेली आवृत्ती

धारगळला हमरस्त्यालगतच्या घरात बसून सेजल जगभरच्या माणसांना तारखा द्यायची. ‘सोबत’ हे कुणाच्याच मालकीचं नसलेलं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर; अंधांना संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं. ते घडवणारे सगळे हौशी, नाना देशांतले. नवी आवृत्ती कधी काढायची, कधीपासून तिच्यात नवीन बदल घ्यायचे नाहीत, हे सेजल ठरवायची; एकदा जाहीर झालेली तारीख मात्र सगळ्यांच्या संमतीशिवाय हलवता येत नसे. तिची तारीख आजवर टळली नव्हती.

या खेपेला मराठी वाचनाची दुरुस्ती व्हायची होती, आणि सेजलच्या गुरुदासमामांची सगळी भिस्त त्या दुरुस्तीवर होती. मामा इब्रामपूरच्या शाळेत कारकून. मधुमेहाने त्यांची नजर गेली होती. आता त्यांना काम जमतं का ते बघायला महिनाअखेर शिक्षणखात्याचा अधिकारी येणार होता. जुनी आवृत्ती जोडाक्षरं गाळायची. ‘विद्यार्थी’ ऐकून कुणाला कळलं नसतं.

डिचोलीच्या योगेशने दुरुस्ती केली, पण ती घातली की सॉफ्टवेअर वाचता वाचता मुकं व्हायचं. का, ते सापडेना. पंधरवडा मिळाला तर जाणकार सगळे मिळून शोधतील, म्हणून सेजलने तारीख पुढे ढकलायची परवानगी मागितली. ब्राझीलहून उत्तर आलं, इथल्या अंधशाळांना हीच तारीख सांगितलीय, मुलं वाट बघतायत. त्यांच्या जागी तीही हेच म्हणाली असती. तरी तिने पुन्हा विनवलं. या वेळी मामांचंही सांगितलं. सगळ्यांना वाईट वाटलं. तारीख हलली नाही. अखेर तिने स्वतःच्या हाताने मराठीची दुरुस्ती वगळून आवृत्ती प्रसिद्ध केली.

मग जो तो आपापल्या कामाला लागला. ती आणि योगेश तेवढे झटत राहिले. अधिकारी यायच्या आदल्या दुपारी, दुसरा मार्गच उरला नाही तेव्हा, तीच अर्धवट दुरुस्ती घेऊन ती इब्रामपूरला गेली.

मामा कळफलकावर बोटं ठेवून ऐकत होते. तिसऱ्या ओळीत आवाज थांबला. मामा हलले नाहीत.

“माझा कायतरी चुकला काय गो?”

“नाय मामा. तुमचा काय चुकूक नाय.”

“मगे परत लाव.”

तिने परत लावलं. जरा पुढे जाऊन पुन्हा थांबलं. मामी दारातून बघत होती, ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेतही तेच झालं. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने दोनदा संधी दिली. मग मामांना घरी बसवायचा शेरा मारून तो गेला.

संध्याकाळी सेजलने भीतभीत फोन केला.

“फुडची कधी काढतलास?” मामांनी विचारलं.

“मार्चात.”

“काढा,” मामा म्हणाले. “मी आता घराकच आसतलंय.”