डबी कोणाची

शिंप्याच्या छातीत, कातडीखाली, काडेपेटीएवढी एक डबी होती. तिची तार मानेतून वर थेट डोक्यात गेलेली. ती बसवण्याआधी त्याचे हात असे थरथरत, की सुईत दोरा ओवणं सोडाच, पाण्याचा पेला तोंडाशी नेईपर्यंत निम्मा सदऱ्यावर सांडायचा. तेव्हा हे नवं संशोधन चाललं होतं. शस्त्रक्रिया सरकारी इस्पितळाने केली, डबी एका कंपनीने दिली. डबी सुरू झाली आणि हात शांत. त्या दिवशी त्याने देवाला हात जोडले, तेव्हा ते जोडलेलेच राहिले; बायको बघत बसली आणि रडली.

आता कंपनीने ते संशोधन गुंडाळलं होतं. असे रोगी थोडे, नफा त्याहून थोडा.

तपासणीची खोली अरुंद, खिडकी न उघडणारी. आत शिंपी, त्याची बायको, डॉक्टरीणबाई, कंपनीचे साहेब आणि आरोग्य खात्याचे अधिकारी, गुडघ्याला गुडघा लावून बसलेले.

"डबी आम्ही आमच्या खर्चाने काढून देतो," साहेब म्हणाले. "इथे सही केलीत की झालं."

"काढून काय करू? मला ती चालू हवीय."

"चालू ठेवायची म्हणजे तपासण्या आल्या, दुरुस्ती आली, नवी बॅटरी आली. ते सरकारने बघावं. रोगी सरकारी इस्पितळाचा."

"वा!" अधिकारी हसले. "धंद्यात यश आलं असतं तर जाहिरातीत नाव तुमचं, आणि आता रोगी आमचा? आम्ही संशोधनाला पैसे दिले. संशोधन संपलं. पुढच्याला तरतूद नाही."

"मग करा तरतूद."

"नफा झाला असता तर आम्हाला वाटा दिला असतात का?"

"अहो, माझा नवरा आहे हा," शिंप्याची बायको कडाडली. "मुक्काम लांबवलेली आत्याबाई नव्हे, आज यांच्याकडे नि उद्या त्यांच्याकडे ढकलायला!"

डॉक्टरीणबाई मान खाली घालून आपलं काम करत होत्या. दर तपासणीला त्या आधी डबी बंद करायच्या, हात किती थरथरतो ते टिपायच्या, मग चालू करून फरक बघायच्या. हाताला वळणच पडलेलं. भांडण ऐकता ऐकता त्यांनी डबी चालू-बंद करायचं यंत्र शिंप्याच्या छातीवर टेकवलं आणि बंदचं बटण दाबलं.

हात थरथरू लागले. बाईंनी टिपलं आणि चालूचं बटण दाबलं. यंत्राच्या पडद्यावर उमटलं : परवानगी संपली आहे.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"साहेब, चालू होत नाहीये."

साहेबांनी फोन लावला, ऐकलं, कपाळ पुसलं. "संशोधन बंद केलं तशी चालू करायची परवानगीही काढून घेतलीय. आता फक्त बंद करता येतं. तुम्ही बंद केलंतच कशाला, बाई?"

"नेहमी करते तेच केलं." बाई शिंप्याकडे वळल्या. "काका, चूक माझी."

"तुझी कसली, पोरी? नेमाने केलंस."

"मग मागा की परवानगी!" बायको म्हणाली.

"मागतो. पण चालू केली की जबाबदारी आमच्या गळ्यात. सरकारने लिहून दिलं तर आत्ता..."

"लिहून दिलं की आमच्या गळ्यात," अधिकारी म्हणाले.

साहेबांनी कागद पुढे केला. "काका, निदान ही सही तरी करा. काढायचा खर्च आज मंजूर आहे. उद्याचं मी सांगू शकत नाही."

शिंप्याने पेन धरलं. कागदावर ओरखडा उठला आणि पेन घरंगळत खाली गेलं. साहेबांनी हळूच शाईची उशी सरकवली. "अंगठाही चालेल."

 शिंपी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला.

"नाही देत. डबी बाहेर आली की तुम्ही दोघं मोकळे. मी कोणाचाच नाही. आत राहिली तर निदान विचारायला तरी येईन."

"काका, मग ती कधीच निघायची नाही," बाई म्हणाल्या.

"कळतंय गं मला."

साहेब उठले, अधिकारीही उठले. दारात दोघे अडकले. "तुम्ही आधी." "छे, तुम्ही." शेवटी एकदाचे गेले.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र पुन्हा छातीवर टेकवलं. शिंप्याने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. बटणाचा आवाज झाला, आणि पुन्हा झाला. बायकोने त्याचे हात मांडीखालून काढून आपल्या हातांत घट्ट धरले. कंप थांबेना, तो तिच्या खांद्यांपर्यंत चढला.